कार्यप्रणालीचे उन्नयन आणि मराठी मजकूर

लॅपटॉपवरील कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम, बदलून तिची नवी आवृत्ती बसवल्यानंतर जुन्या संचिकांतील मराठी मजकूर वाचता न येणे, जोडाक्षरे फुटणे, पानांची मांडणी हलणे किंवा मराठी टंकलेखन बंद पडणे अशा अडचणी उद्भवतात. या लेखात त्यांची कारणे व निवारण यांची माहिती दिली आहे. केवळ इंग्रजीत काम करणाऱ्यांना असा अनुभव क्वचितच येतो. मराठीच्या वाट्याला तो वारंवार येतो, कारण संगणकावर मराठी साठवण्याच्या परस्परांशी न जुळणाऱ्या अनेक पद्धती दीर्घकाळ एकाच वेळी प्रचारात होत्या व त्यांपैकी कित्येकांत लिहिलेला मजकूर आजही घरोघरी व छापखान्यांत पडून आहे.

अशा प्रसंगी मूळ संचिका बहुधा सुखरूप असते. नुकसान होते ते घाईघाईने केलेल्या दुरुस्तीत. संचिका उघडते, अक्षरे विचित्र दिसतात, वापरकर्ता सगळा मजकूर निवडून त्याला दुसरा फाँट लावतो, तो जतन करतो, आणि मूळ फाँट कोणता होता ही एकमेव खूण त्याच क्षणी पुसली जाते. म्हणून निदान होईपर्यंत संचिका जतन न करणे आणि तपासणीसाठी तिची वेगळी प्रत काढणे हा पहिला नियम समजला जातो.

पार्श्वभूमी

संगणकात प्रत्येक अक्षर एका अंकाच्या रूपाने साठवले जाते. कोणता अंक कोणत्या अक्षरासाठी वापरायचा, याच्या ठरावाला सांकेतीकरण म्हणतात. भारतीय लिप्यांसाठी असा ठराव ‘इस्की’ या नावाने झाला आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने तो आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रसिद्ध केला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील १२८ स्थानांचा देवनागरी विभाग १९८८ च्या इस्कीवरच बेतलेला होता. मराठीसाठी मानक अस्तित्वात होते, परंतु ते घरगुती संगणकापर्यंत पोहोचण्याआधीच छपाईचा व्यवसाय आपल्या सोयीने पुढे निघून गेला होता.

ती सोय अशी होती. त्या काळच्या फाँटमध्ये जास्तीत जास्त २५६ स्थाने असत. मराठी फाँट तयार करणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे अवयव बसवले. कुठे अर्धा त, कुठे काना, कुठे रफार. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेचे आयएसएम, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे श्री-लिपी, तसेच आकृती, कृतिदेव अशा प्रत्येक संचाने ही मांडणी आपापल्या पद्धतीने केली. कृतिदेव फाँटमध्ये ‘मराठी’ हा शब्द लिहिला, तर संचिकेत प्रत्यक्षात इंग्रजी लिपीतील ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच अक्षरे नोंदली जातात. पडद्यावर मराठी दिसते ते फाँटमुळे. फाँट काढून घेतला की ती पाच अर्थहीन इंग्रजी अक्षरे उरतात.

फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरीची सोय आणि मंगल हा फाँट प्रथम मिळाला. विंडोज एक्सपीमध्ये ही सोय नियंत्रण कक्षातून मुद्दाम चालू करावी लागे व त्यासाठी मूळ सीडी मागितली जाई. बहुसंख्य लोकांनी तो खटाटोप केला नाही. विंडोज व्हिस्टापासून मात्र ती मुळातच चालू असते. यामुळे एकाच लेखकाच्या एकाच लॅपटॉपवर जुनी कथा श्री-लिपीत, मधल्या काळातील पत्रे कृतिदेवमध्ये आणि अलीकडचे लेखन युनिकोडमध्ये असणे ही सर्वसाधारण स्थिती आहे. उन्नयनानंतर यांपैकी एक प्रकार बिघडलेला दिसतो व बाकीचे ठीक असतात. वापरकर्त्याला हे कोडे वाटते; निदानासाठी मात्र तोच पहिला धागा ठरतो.

लक्षणांवरून निदान

मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरे व चिन्हे यांची सरमिसळ दिसत असेल, तर तो मजकूर जुन्या फाँटवर आधारित आहे आणि तो फाँट नव्या प्रणालीत नाही, असे समजावे. वर्डसारख्या लेखन-सॉफ्टवेअरमध्ये बिघडलेल्या ओळीवर कर्सर ठेवला, तर फाँटच्या चौकटीत मूळ फाँटचे नाव दिसते. तो फाँट संगणकावर नसला तरीही दिसते. हे नाव कागदावर उतरवून घ्यावे. पुढचे सारे काम त्या नावावर अवलंबून असते.

विंडोजच्या एका आवृत्तीवरून दुसरीवर थेट उन्नयन केल्यास बसवलेले फाँट बहुधा टिकतात. तबकडी पुसून नव्याने प्रणाली बसवल्यास ते जातात. दुकानात दुरुस्तीला दिलेला लॅपटॉप ‘अपग्रेड करून’ परत येतो तेव्हा यांपैकी नेमके काय केले, हे ग्राहकाला सांगितले जातेच असे नाही. ते विचारून घ्यावे. फाँट पुन्हा बसवूनही जुन्या सॉफ्टवेअरच्या यादीत तो दिसला नाही, तर आणखी एक कारण संभवते. विंडोज १० च्या २०१८ मधील आवृत्तीपासून फाँट केवळ चालू वापरकर्त्यापुरता बसवता येतो आणि काही जुन्या सॉफ्टवेअरना असा फाँट सापडत नाही. फाँटच्या संचिकेवर उजवी टिचकी देऊन ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ हा पर्याय निवडल्यास ही अडचण दूर होते.

दुसऱ्या प्रकारात अक्षरे देवनागरीच दिसतात, पण जोडाक्षरे फुटतात. पाय मोडलेली अक्षरे सुटी उभी राहतात, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाते किंवा मात्रेखाली ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. येथे मजकूर युनिकोडमध्येच असतो व फाँटही असतो. अक्षरे जोडण्याचे काम करणारा सॉफ्टवेअरचा भाग तेवढा बंद किंवा अपुरा असतो. छपाईच्या कामात वापरले जाणारे पेजमेकर हे सॉफ्टवेअर युनिकोड जाणतच नाही, त्यामुळे त्याच्याकडून युनिकोड मराठीची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. फोटोशॉपमध्ये मात्र सेटिंगांतील अक्षरविषयक भागात दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचा पर्याय निवडला की जोडाक्षरे जागेवर येतात. सॉफ्टवेअर नव्याने बसवल्यानंतर हा पर्याय पुन्हा निवडण्याचे राहून जाते.

तिसरे लक्षण म्हणजे एखाद्याच अक्षराच्या जागी रिकामा चौकोन दिसणे. मराठीत याचे नेहमीचे उदाहरण ‘ॲ’ हे अक्षर आहे. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र स्थान २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत मिळाले. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे प्रमाणीकरण करताना ॲ आणि ऑ यांना स्वरांत स्थान दिले. त्यापूर्वी तयार झालेल्या फाँटमध्ये हे अक्षर असण्याचे कारण नाही. जुना आवडता फाँट नव्या प्रणालीत आणून त्यात ‘ॲड्रेस’ लिहिल्यास पहिल्याच जागी चौकोन उमटतो. अशा वेळी दोष नव्या प्रणालीचा नसतो. अलीकडे तयार झालेला फाँट वापरणे हाच उपाय असतो. ल आणि श यांचा आकार बदललेला दिसणे हा मात्र बिघाड नव्हे. मराठीत रूढ असलेले आकार हिंदीतील आकारांहून वेगळे आहेत व फाँट बदलला की एका परंपरेचे आकार जाऊन दुसऱ्या परंपरेचे येतात. आतील संकेतांक तेच राहतात.

मजकूर पूर्ण वाचता येतो, परंतु पाने हलतात, हा प्रकार वरवर किरकोळ वाटला तरी विद्यार्थ्यांना सर्वांत महाग पडतो. विंडोज ७ वर मंगल फाँटमध्ये सिद्ध केलेला दोनशे पानांचा प्रबंध विंडोज १० किंवा ११ वर उघडला की पानांची संख्या बदलते, अनुक्रमणिका चुकते आणि तळटीपा पुढच्या पानावर उतरतात. विंडोज १० पासून मंगल हा फाँट कोकिळा, उत्साह, अपराजिता यांच्यासह देवनागरीच्या ‘पूरक फाँट’ या ऐच्छिक संचात ठेवलेला आहे. तो संच नसेल तर प्रणाली दुसरा फाँट, बहुधा निर्मला, वापरते आणि त्याची ओळीची उंची वेगळी असते. सेटिंगांतील ऐच्छिक सुविधांमधून हा संच विनामूल्य उतरवून घेता येतो. मराठी किंवा हिंदी ही भाषा सेटिंगांत जोडली तरी तो येतो. तो बसवण्याआधी पाने हाताने जुळवत बसणे म्हणजे आठवड्याचे श्रम वाया घालवणे होय.

कळफलक आणि संकेतशब्द

मराठी टंकलेखनासाठी विंडोजमध्ये मुळातच असलेला कळफलक इनस्क्रिप्ट पद्धतीचा आहे. त्यात स्वर व मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला येतात. टंकलेखन यंत्रावर शिकलेल्यांना रेमिंग्टन पद्धतीची सवय असते, तर तरुण वापरकर्ते रोमन अक्षरांत उच्चार लिहून देवनागरी उमटवतात. या दुसऱ्या पद्धतीसाठी पूर्वी गूगलचे इनपुट साधन विंडोजवर उतरवून घेता येत असे. ते आता दिले जात नाही. उन्नयनानंतर ते नाहीसे झाल्यास शोधत बसण्याचे कारण नाही. मे २०१९ च्या विंडोज १० पासून मराठीचा उच्चारानुसारी कळफलक प्रणालीतच समाविष्ट आहे व भाषेच्या सेटिंगांतून तो जोडता येतो.

उन्नयनानंतर योग्य संकेतशब्द देऊनही लॅपटॉप उघडत नाही, अशी एक चमत्कारिक अडचण येते. प्रवेशाच्या पडद्यावर मराठी कळफलक आपोआप निवडला गेल्यास टंकलेला प्रत्येक वर्ण देवनागरीत जातो. संकेतशब्द ठिपक्यांनी झाकलेला असल्याने हे लक्षात येत नाही. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात भाषेची खूण असते. विंडोजची कळ व स्पेस एकत्र दाबून इंग्रजीवर येता येते. संकेतशब्द बदलण्याच्या खटपटीत पडण्याआधी ही खूण पाहावी.

यंत्राच्या अडचणी

पडदा काळा राहणे, वायफाय न लागणे, आवाज बंद होणे या अडचणी मराठीशी संबंधित नाहीत. त्यांचे मूळ बहुधा यंत्रभाग चालवणाऱ्या ड्रायव्हरमध्ये असते. डिव्हाइस मॅनेजरमधून आधीच्या ड्रायव्हरकडे परत जाता येते किंवा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा घेता येतो. लॅपटॉप सुरू होताना निळ्या पडद्यावर ४८ अंकी पुनर्प्राप्ती कळ मागू लागला, तर तबकडी बिटलॉकरने कुलूपबंद आहे असे समजावे. ही कळ पुष्कळदा वापरकर्त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात नोंदलेली असते. ती न शोधता तबकडी पुसून घेण्यास संमती दिल्यास आतील लेखन कायमचे जाते.

मराठी छपाईशी थेट संबंध असलेली यंत्राची अडचण एकच आहे. जुनी काही सॉफ्टवेअर संगणकाच्या मागे खोचायच्या एका छोट्या कुलपाशिवाय, म्हणजे डाँगलशिवाय, चालत नसत. ६४ बिटी विंडोजवर १६ बिटी सॉफ्टवेअर चालत नाही आणि ३२ बिटी ड्रायव्हरही स्वीकारला जात नाही. विंडोज ११ तर केवळ ६४ बिटी स्वरूपातच मिळते. नव्या लॅपटॉपला समांतर पोर्टही नसतो. त्यामुळे परवाना खरा, कुलूप खरे, सॉफ्टवेअर खरे, तरीही काम बंद अशी अवस्था येते. कंपनीकडे नव्या आवृत्तीची चौकशी करणे किंवा जुना संगणक इंटरनेटपासून तोडून त्याच कामापुरता राखून ठेवणे हे दोन मार्ग उरतात. अनेक छापखान्यांनी दुसरा मार्ग पत्करला आहे.

जुन्या मजकुराचे रूपांतर

जुना फाँट पुन्हा बसवल्याने मजकूर दिसू लागतो, परंतु तो शोधता येत नाही, संकेतस्थळावर टाकता येत नाही आणि मोबाइलवर वाचता येत नाही. त्यासाठी त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते. रूपांतरक सॉफ्टवेअर अनेक आहेत, त्यांपैकी काही विनामूल्य आहेत. प्रत्येक फाँटसंचाची मांडणी निराळी असल्याने चुकीचा संच निवडल्यास एका निरर्थक मजकुराचा दुसरा निरर्थक मजकूर होतो. फाँटचे नाव उतरवून ठेवण्याचे महत्त्व येथे कळते.

नेमका संच निवडूनही चुका राहतात. जुन्या पद्धतीत अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवली जात. ‘हि’ लिहिताना आधी वेलांटी, मग ह. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम पाळला जातो, म्हणजे आधी ह, मग वेलांटी. ‘धर्म’ या शब्दात जुन्या पद्धतीनुसार म आधी व रफार नंतर येतो, तर युनिकोडमध्ये र आणि हलन्त म च्या आधी येतात. रूपांतरकाला प्रत्येक वेलांटी व प्रत्येक रफार उचलून योग्य जागी न्यावा लागतो आणि जोडाक्षर तीन-चार अवयवांचे असले की तो चुकतो.

कोल्हापूर परिसरातील गावांची नावे या कामी उत्तम कसोटी ठरतात. ‘गडहिंग्लज’मध्ये ऱ्हस्व वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षर लागोपाठ येतात. ‘पन्हाळा’ आणि ‘शिरोळ’मध्ये ळ आहे, हिंदीपुरत्या बनवलेल्या रूपांतरकात तो कधी कधी सुटतो. सर्वांत अवघड नाव ‘कऱ्हाड’. यातील र रफारासारखा डोक्यावर चढत नाही. तो आडवा, पापणीसारखा लिहिला जातो. युनिकोडमध्ये त्यासाठी नुक्ता असलेला ऱ आणि त्यापुढे हलन्त असा क्रम वापरतात. इनस्क्रिप्ट कळफलकावर हा ऱ शिफ्टसह जे या कळेवर आहे. ही खास मराठीची गरज ज्यांनी विचारात घेतलेली नाही, ते रूपांतरक ‘कर्हाड’ असे लिहितात. हीच चूक ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ या शब्दांत घडली तर अर्थच बदलतो. डोंगरातील दऱ्यांचा समुद्र होतो. पाचपन्नास पानांचे रूपांतर करण्याआधी असे निवडक शब्द घालून रूपांतरक तपासावा.

मजकुरात मधूनमधून इंग्रजी शब्द असतील तर आणखी एक धोका असतो. फाँटची माहिती गाळून केवळ साधा मजकूर रूपांतरकाला दिल्यास खरे इंग्रजी शब्द आणि इंग्रजी अक्षरांच्या रूपातील मराठी यांत त्याला भेद करता येत नाही, आणि तो इंग्रजी शब्दांचेही देवनागरी कडबोळे करून ठेवतो. फाँटची नोंद वाचून तेवढाच भाग बदलणारा रूपांतरक अशा संचिकांसाठी वापरावा. मुद्रितशोधन मात्र कोणत्याही रूपांतरकाने टळत नाही.

हे श्रम कोणी व का घ्यावेत, हा प्रश्न कोल्हापुरात केवळ तांत्रिक राहत नाही. १८५० मध्ये स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर आणि १९६२ चे शिवाजी विद्यापीठ यांच्या या शहरात वृत्तपत्रे, छापखाने, दिवाळी अंक, संस्थांच्या स्मरणिका आणि विद्यापीठाला सादर झालेले प्रबंध असे विपुल मराठी लेखन संगणकावर जुळले गेले आहे. यांपैकी जुन्या फाँटमध्ये जुळलेल्या मजकुराची पीडीएफ प्रत सुबक दिसते, कारण फाँट तिच्यातच अंतर्भूत असतो. पण तिच्यातून एखादा परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा पसारा हाती येतो, आणि शोधयंत्रालाही तोच दिसतो. अशा प्रबंधातील संशोधन प्रकाशित असूनही शोधणाऱ्याला सापडत नाही. पाहण्यासाठी पीडीएफ आणि शोधण्यासाठी युनिकोड अशा दोन्ही प्रती ठेवणे त्यामुळे इष्ट ठरते.

छापखान्यांपुढील पेच वेगळा आहे. पेजमेकरच्या संचिका इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्यांत उघडत असत. पुढील आवृत्त्यांत ती सोय राहिली नाही. जानेवारी २०२३ पासून अडोबीने आपल्या सॉफ्टवेअरमधून टाइप १ या जुन्या प्रकारच्या फाँटचा आधारही काढून घेतला. पेजमेकर चालणारा संगणक शाबूत आहे तोवर जुन्या पुस्तकांच्या पीडीएफ प्रती काढून घेणे आणि त्यातील मजकूर रूपांतरासाठी वेगळा करून ठेवणे शक्य असते.

परतीची मुदत आणि प्रती

विंडोजचे उन्नयन केल्यावर आधीची प्रणाली ‘विंडोज.ओल्ड’ या नावाच्या फोल्डरमध्ये काही दिवस राहते. विंडोज १० च्या आरंभी परत फिरण्यासाठी ३० दिवस मिळत. २०१६ पासून ही मुदत १० दिवसांची आहे. त्यामुळे उन्नयनाच्या पहिल्याच आठवड्यात प्रत्येक प्रकारची एक तरी जुनी मराठी संचिका उघडून आणि छापून पाहावी. जागा मोकळी करण्याच्या हेतूने हा फोल्डर लगेच पुसू नये. हरवलेला फाँट कित्येकदा तेथेच सापडतो.

उन्नयनाआधी संचिकांच्या प्रती काढण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो, पण त्यात फाँटचा उल्लेख क्वचितच असतो. जुन्या मराठी लेखनाच्या बाबतीत फाँटशिवाय काढलेली प्रत अर्धीच असते. फाँटचा फोल्डर, सॉफ्टवेअरची मूळ सीडी आणि परवान्याचा क्रमांक हे सर्व संचिकांसोबत ठेवावे, आणि तेही लॅपटॉपजवळच्या कपाटात नव्हे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शाहूपुरी, लक्ष्मीपुरी या भागांत शिरले. अशा वेळी टेबलावरचा संगणक आणि त्याच टेबलाच्या खणातील पेनड्राइव्ह एकाच पाण्यात सापडतात.

विंडोज १० नंतर

विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती, किमान ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी साठवण आवश्यक असते. सुस्थितीतील अनेक जुने लॅपटॉप पहिल्याच अटीत अडतात. अशा यंत्रांवर लिनक्स बसवता येते. त्यावर लोहित देवनागरी, नोटो असे मुक्त फाँट व इनस्क्रिप्ट कळफलक विनामूल्य मिळतात आणि युनिकोड मराठी व्यवस्थित चालते. मात्र डाँगलवर चालणारी जुनी मराठी सॉफ्टवेअर तेथे चालतील असे गृहीत धरू नये. ज्यांचे लेखन अद्याप जुन्या फाँटमध्ये आहे त्यांनी ते रूपांतर जुन्या प्रणालीवर असतानाच पूर्ण करावे आणि त्यानंतर लिनक्सकडे वळावे, हा क्रम सोयीचा ठरतो.